गुरुवारच्या बसमधलं बदक

तालुक्याच्या सामाईक परीक्षेत इंग्रजी वाचनात चीनमधल्या लिनशीच्या शाळेची नववीची, म्हणजे तिथल्या शेवटच्या वर्षाची, तुकडी आठ पहिली आली. शाळेत नव्हे, अख्ख्या तालुक्यात.

असं काही घडलेलं नाही. तसा कागद आहे, कागदावर गोल लाल शिक्का आहे, आणि शिक्का बसलेल्या गोष्टीशी वाद घालायची लिनशीत पद्धत नाही. तेव्हा जे घडलं नाही ते कसकसं घडलं नाही, तेवढंच इथे सांगायचं आहे.

पेई मानतिंग तुकडी आठला इंग्रजी शिकवायची. मुलं तिला पेईबाई म्हणत. नोकरी अजून कच्ची होती, जूनमध्ये पक्की व्हायची. शेजारच्या तालुक्यात तिच्या आईने मात्र ती केव्हाच पक्की करून टाकली होती आणि त्या आनंदात नातेवाइकांना बदकाच्या रश्श्यातल्या शेवयाही खाऊ घातल्या होत्या. आता जूनमध्ये काही वेडंवाकडं झालं असतं तर त्या शेवया परत कशा मागायच्या, हा प्रश्न होता.

वेडंवाकडं होण्याची सोय श्यांग सरांनी वसंतोत्सवाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच बैठकीत करून ठेवली. श्यांग सर शाळेचे अभ्यासप्रमुख. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली, हातात शेवंतीच्या चहाचा थर्मास, आणि गळ्यात दोरीला लटकवलेलं आवाज मोजायचं यंत्र. ते म्हणाले, पाणीघराचे व्यवस्थापक जूनमध्ये निवृत्त होत आहेत. शाळेला उकळतं पाणी लागतं आणि पाणीघराला माणूस लागतो. अर्ज मागवले, एकही आला नाही. म्हणून असं ठरलं आहे की मे महिन्याच्या सामाईक परीक्षेत जी तुकडी इंग्रजी वाचनात शेवटची येईल, तिच्या इंग्रजीच्या शिक्षकाची तिथे नेमणूक होईल. अशाने दोन प्रश्न एकदम सुटतात.

तुकडी आठ वाचनात कायमच शेवटची यायची. त्यामुळे सगळ्या शिक्षकांनी पेईकडे वळून पाहिलं, दवाखान्यात भेटायला गेल्यावर पाहतात तसं. भूगोलाच्या वेईताईंनी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "एक आहे बघ, तिथे थंडी वाजत नाही."

गंमत अशी की तुकडी आठ वाचनात शेवटची असली तरी वाचण्यात पहिली होती. रोज सकाळी पहिल्या तासाआधी सगळ्या शाळेने इंग्रजीचं पुस्तक मोठ्याने वाचायचं असतं. श्यांग सर व्हरांड्यातून यंत्र घेऊन फिरत आणि ज्या वर्गाचा काटा सगळ्यात वर जाई त्याच्या दाराला आठवडाभर लाल झेंडा लागे. हा झेंडा तुकडी आठच्या दारावरून हलतच नसे. मुलं अशी ओरडत की खिडकीची तावदानं थरथरत आणि फाटकापलीकडचा शेवयावाला त्यावर आपलं घड्याळ लावी. यात सगळ्यात वरचा सूर थोंग यिंगचा. ती मागच्या बाकावर बसे, डोळे मिटून ओरडे आणि पुस्तक बहुतेक वेळा घरी असे.

पेईने एकदा वर्गाला सरळच विचारलं, की परीक्षेत उतारा वाचतं कोण? हात वर करा.

वर्गाने एकमेकांकडे पाहिलं. वर्गप्रमुख ओऊयांग उठून उभा राहिला. हा मुलगा इतका जबाबदार होता की शिंक आली तरी आधी परवानगी घेई. तो म्हणाला, "बाई, वाचायचा कशाला? उत्तरं खाली दिलेली असतात."

उत्तरं खाली असतातच. प्रत्येक प्रश्नाला चार, त्यातलं एक खरं. ते ओळखायचं कसं, यावर श्यांग सरांनी स्वतः एक कवन रचलं होतं आणि ते दुपारच्या झोपेआधी भोंग्यावर लागायचं:

तीन लांब, एक आखूड, आखूड तेच खरं,
तीन आखूड, एक लांब, लांब तेच बरं,
सगळी दिसली सारखी, तर तिसऱ्यावर भर,
उतारा वाचत बसशील, तर बसशील वर्षभर.

सगळी शाळा यावर चाले आणि बरी चाले. तुकडी आठचं दुर्दैव एवढंच, की त्यांना कवनसुद्धा नीट पाठ नव्हतं. थोंग यिंगने ते आणखी सोपं करून घेतलं होतं. ती सगळीकडे तिसरं उत्तर लिहून पेपरावर डोकं ठेवून झोपे. दहातली दोन-तीन बरोबर येत. ती म्हणे, झोपून एवढी येतात, वाचून किती येतील याची काय खात्री.

पेईने कात्री आणली. तिने एका जुन्या सरावपुस्तकातून हाताला लागला तो उतारा काढला, त्याच्या प्रती केल्या, आणि खालचे प्रश्न कात्रीने कापून टाकले. नुसता उतारा वाटला.

वर्गात अस्वस्थता पसरली. ओऊयांगने कागद उलटा करून पाहिला, उजेडाला धरून पाहिला. मग अदबीने म्हणाला, "बाई, छापताना खालचं राहिलं."

"राहिलं नाही. कापलंय. वाचा."

"वाचून काय करायचं?"

"वाचायचं."

दुसरं काहीच करण्यासारखं नसल्यामुळे मुलांनी वाचलं. उतारा इंग्लंडातल्या एका खेड्याबद्दल होता. तिथे मिस्टर बिडल नावाचे एक म्हातारे गृहस्थ राहत. त्यांचं एक पांढरं बदक दर गुरुवारी सकाळी एकटंच रस्ता ओलांडून बसथांब्यावर जाई, शांतपणे उभं राही, बस आली की तिच्याकडे बघे आणि परत येई. असं वर्षभर चाललं. मग एका गुरुवारी बस थांबली. दार उघडलं. बदकाने ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरने बदकाकडे पाहिलं. बदक पायरी चढून आत गेलं.

उतारा इथे संपत होता.

सगळ्यांनी कागद उलटून पाहिले. मग मागच्या बाकावरून थोंग यिंगचा आवाज आला. डोळे उघडे ठेवून ती बोलतेय हे वर्गाने प्रथमच पाहिलं.

"पुढं?"

पेई म्हणाली, पुढे काही नाही, परीक्षेचे उतारे असेच असतात, कुठून तरी सुरू होतात आणि कुठे तरी तोडलेले असतात. तिने कापून ठेवलेले प्रश्न काढले आणि पहिला वाचला: बदक बसथांब्यावर का जात असे? मागच्या पानावरचं प्रमाणित उत्तर तिसरं होतं. त्याला एकटं वाटत असे.

"चूक आहे," थोंग यिंग म्हणाली.

सगळा वर्ग तिच्याकडे वळला. ती स्वतः नेहमी तिसरंच लिहायची. आज तिसरं बरोबर निघालं होतं आणि ती नको म्हणत होती.

"माझ्या आजीकडं बदकं आहेत. एकटं पडलेलं बदक गप राहत नाही, गाव डोक्यावर घेतं. हे बदक शांत उभं आहे. चौथ्या ओळीत लिहिलंय बघा. शांतपणे. म्हणजे ते एकटं-बिकटं काही नाही. त्याला काम आहे."

पेईने चौथी ओळ पाहिली. तिथे तसं लिहिलं होतं. लिनशीच्या शाळेत आल्यापासून कुठल्याही विद्यार्थ्याने उताऱ्यातली ओळ पुरावा म्हणून दाखवण्याची ही पहिलीच वेळ होती. तिने त्या ओळीखाली रेघ मारली. मग शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाली, "बरं. कसलं काम?"

तास संपल्याची घंटा झाली ती कोणी ऐकली नाही.

दुसऱ्या दिवशी ओऊयांग वर्गाच्या वतीने तिच्या टेबलापाशी आला. बदक कुठे गेलं याचं प्रमाणित उत्तर वर्गाला हवं होतं. पेई म्हणाली, मला माहीत नाही. ओऊयांग समजूतदारपणे हसला. प्रश्न आहे म्हटल्यावर प्रमाणित उत्तर असणार, आणि ते शिक्षकांच्याच पुस्तकात असणार, हे लिनशीतलं शेंबडं पोरही जाणतं. त्याने आवाज खाली आणला. "बाई, आम्ही कुणाला सांगणार नाही."

पेईने शिक्षकांचं पुस्तक त्याच्यासमोर उघडून ठेवलं. त्यात लिहिलं होतं: तीन, एक, दोन, तीन. ओऊयांगने ते आकडे टिपून घेतले. संध्याकाळपर्यंत वर्गाने त्यांचे बरेच अर्थ लावले. त्यातला बसच्या क्रमांकाचा अर्थ थोडे दिवस टिकला. शेवटी असं ठरलं की पेईबाईंना उत्तर माहीत आहे पण त्या सांगत नाहीत, आणि ही बहुधा शिकवण्याची नवी पद्धत असावी.

मग ओऊयांगनेच एक मुद्दा काढला. उतारे कोणी नव्याने लिहीत नाही. पेपर काढणारे एखाद्या लेखाचा एक तुकडा घेतात, उरलेला दुसरा कोणी घेतो. म्हणजे बदकाचा पुढचा भाग कुठल्या तरी जिल्ह्याच्या, कुठल्या तरी वर्षाच्या पेपरात असलाच पाहिजे. शोधायचा.

वर्ग शोधायला लागला. थोंग यिंगने लगेच पद्धत काढली: वाचायचं नाही, पानावरून नुसती नजर फिरवायची, 'बदक' हा शब्द दिसला तर थांबायचं. असे ती मिनिटाला दोन पेपर उडवायला लागली.

पेईने ते पाहिलं. तिला पाणीघर दिसलं, आई दिसली, शेवया दिसल्या. ती खिडकीबाहेर बघत, जणू काही विशेष नाही अशा आवाजात म्हणाली, "पुढच्या भागात त्याला बदकच म्हटलं असेल कशावरून? 'तो प्रवासी' म्हटलं असेल. 'ते पाहुणे' म्हटलं असेल. नुसतं 'ती' असेल. इंग्रजीत एकदा ओळख झाली की नाव परत घेत नाहीत."

वर्ग गार पडला. असं असेल तर कुठलाही प्रवासी बदक असू शकत होता. कुठलीही 'ती' संशयास्पद होती. सगळंच्या सगळं वाचावं लागणार होतं.

थोंग यिंग म्हणाली, "बाई, तुम्ही फार वाईट आहात."

"वाच," पेई म्हणाली.

त्यांनी वाचलं. देवमाशांच्या झोपेवर वाचलं, बाटल्यांचं घर बांधणाऱ्या नॉर्वेतल्या माणसावर वाचलं, मधमाश्यांवर वाचलं. पूर्वी एकेक अवघड शब्द कोशात बघून त्याच्या डोक्यावर चिनी अक्षरं लिहीत बसायची त्यांची रीत होती. एका उताऱ्याला त्यात अख्खी दुपार जाई आणि शेवटी सगळे शब्द कळत, उतारा कळत नसे. आता तेवढा वेळ नव्हता. ओऊयांगने नियम काढला की न कळलेला शब्द बदक असू शकतो का, एवढंच आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरवायचं. नसेल तर पुढे जायचं. अशा रीतीने वर्गाला बरेच शब्द 'बदक नव्हे' एवढ्या अर्थाने माहीत झाले, आणि वाचायला तेवढं पुरतं हे पाहून पेईला स्वतःच्या शिक्षणावर खर्च झालेल्या वर्षांचं वाईट वाटलं.

सकाळच्या वाचनालाही आता हेच चाले. ओरडत शोधता येत नाही, म्हणून वर्ग गप्प बसून वाचायचा. श्यांग सर पहिल्या दिवशी यंत्र घेऊन दारापाशी आले, काट्याकडे पाहिलं, यंत्र झटकलं, पुन्हा पाहिलं. मग जाऊन नवे सेल घालून आले. काटा तळालाच होता.

ते आत आले. वर्गात सगळे हजर होते आणि कोणी मेलेलं नव्हतं.

"पेईबाई, हे काय चाललंय?"

"वाचन, सर."

"ऐकू येत नाही."

"हो सर."

श्यांग सरांनी थोंग यिंगच्या हातातला कागद काढून घेतला. तो नेमका बदकाचा मूळ उतारा निघाला. घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला आणि म्हणाले की सविस्तर चर्चा उद्या होईल. झेंडा त्यांनी स्वतःच्या हाताने काढला आणि तुकडी दोनच्या दाराला लावला. तुकडी दोनला इंग्रजी ते स्वतः शिकवत, त्यामुळे फार लांब न्यावा लागला नाही.

उद्याची चर्चा झाली नाही. परवा दुपारी शाळा बाकांवर डोकी टेकून झोपली असताना श्यांग सर शिक्षकांच्या खोलीत आले. पेई तिच्या घडीच्या खाटेवर बसून पेपर तपासत होती. त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"ती बस," ते म्हणाले. "दुसऱ्या गावाला जाते की तालुक्याला?"

"माहीत नाही, सर. पुढचा भाग सापडत नाहीये."

"ड्रायव्हरने तिकीट मागितलं असणार."

"तसं लिहिलेलं नाही, सर."

"मला माहीत आहे तसं लिहिलेलं नाही," श्यांग सर म्हणाले. "मी वाचलंय."

हे बोलून ते स्वतःच दचकले. मग घसा साफ करून म्हणाले की मागच्या इमारतीतल्या कोठीत गेल्या कित्येक वर्षांचे ठिकठिकाणचे पेपर पडले आहेत, आणि आगीच्या दृष्टीने ते धोकादायक आहेत. एखाद्या तुकडीने त्यांची पाहणी करायला हवी. पान न् पान. चावी माझ्याकडे आहे.

एप्रिलभर तुकडी आठने आगीचा धोका वाचून काढला. श्यांग सर अधूनमधून पाहणीची पाहणी करायला येत आणि एखाद्या गठ्ठ्यावर बसून स्वतःच वाचत राहत. बदकाचं लग्न ठरलेलं असावं, असं त्यांचं मत होतं. थोंग यिंगने उताऱ्यातले दाखले देऊन ते खोडून काढलं. लग्न ठरलेलं बदक वर्षभर नुसतं बस बघून परत येईल का? सरांनी विचार केला आणि कबूल केलं की येणार नाही. आजवर शाळेत त्यांचं मत कोणी खोडलं नव्हतं. ते घरी जाताना शीळ घालत होते, असं फाटकावरच्या माणसाने सांगितलं.

बदक मात्र सापडलं नाही. मे उजाडला, परीक्षा आली. पेईने आईला फोनवर विचारलं, की पाणीघराची व्यवस्थापक हे पद ऐकायला कसं वाटतं? आई म्हणाली, "व्यवस्थापक? अगं, मग चांगलंच की. हाताखाली किती माणसं?" पेई म्हणाली, एक बंब.

सामाईक परीक्षेत सगळ्या तुकड्यांची सरमिसळ करून बसवतात. तुकडी आठची मुलं चारही मजल्यांवर विखुरली होती. पर्यवेक्षक बाहेरच्या शाळांचे, प्रत्येक वर्गात छताला कॅमेरा. पेई नियमाप्रमाणे आवारात, मुचकुंदाच्या झाडाखाली उभी होती. पेपर सुरू होऊन बराच वेळ झाला होता, वाचनाच्या शेवटच्या उताऱ्यापर्यंत वेगवान मुलं पोचली असतील असा तिने अंदाज बांधला.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी हुंदका द्यावा तसा आवाज काढला. मग पहिल्या मजल्यावर कोणीतरी हसलं. मग चौथ्या मजल्यावरून थोंग यिंगचा, तावदानं हलवणारा, वर्षानुवर्षं डोळे मिटून कमावलेला आवाज सगळ्या आवारावर पसरला:

"चढलं ते! पोचलं ते!"

पाठोपाठ चारही मजल्यांवरून, जिथे जिथे तुकडी आठचं एखादं पोर बसलं होतं तिथून, हसू फुटत गेलं. व्हरांड्यात उभ्या असलेल्या श्यांग सरांच्या गळ्यातल्या यंत्राचा काटा टोकाला जाऊन अडकला. तो अजून तिथेच आहे.

तालुका परीक्षा कार्यालयातून लाईबाई तपासाला आल्या. शांत, नीटनेटक्या बाई, कुठल्याच गोष्टीचं आश्चर्य न वाटणाऱ्या. कॅमेऱ्यात त्यांना दिसलं की चार मजल्यांवरची एकाच तुकडीची मुलं थोड्या थोड्या अंतराने एकाच उताऱ्यावर हसली आणि त्या उताऱ्याखालचे सगळे प्रश्न सगळ्यांचे बरोबर आले. शिवाय बाकीच्या उताऱ्यांचेही बहुतेक बरोबर आले. तुकडी आठ तालुक्यात पहिली होती. पेपर फुटल्याशिवाय असं होत नाही.

त्यांनी मुलांना एकेकटं बोलावलं. पेईला कोपऱ्यात बसवलं होतं आणि तोंड उघडायचं नाही असं बजावलं होतं.

"हे बदक तू आधी कुठे पाहिलंस?" लाईबाईंनी ओऊयांगला विचारलं.

"बसथांब्यावर, मॅडम."

"कुणी दाखवलं?"

"मिस्टर बिडल यांचं आहे ते."

लाईबाईंनी मिस्टर बिडल हे नाव लिहून घेतलं आणि ते शाळेत कोणत्या पदावर आहेत असं विचारलं. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या मुलानेही बसथांबाच सांगितला. इतकी सारखी उत्तरं म्हणजे पढवलेली, असं त्यांचं मत होत चाललं. पेई मनात हिशेब करत होती. पेपर फोडल्याचा ठपका आला तर पाणीघरसुद्धा मिळालं नसतं.

मग थोंग यिंग आली. तिने पहिला प्रश्न ऐकला आणि उलट विचारलं, "मॅडम, तुम्ही तो उतारा वाचलाय?"

लाईबाई म्हणाल्या की त्या परीक्षा कार्यालयात आहेत.

"म्हणजे नाही," थोंग यिंग म्हणाली आणि खिशातून, श्यांग सरांनी परत दिलेला, घड्या पडून मऊ झालेला पहिला उतारा काढून त्यांच्यापुढे ठेवला. शेजारी परीक्षेचा ठेवला. "आधी हा वाचा, मग तो. मी थांबते."

लाईबाईंनी वाचलं. परीक्षेच्या उताऱ्यात गुरुवारच्या बसला एक बदक असतं याची सगळ्या खेड्याला सवय झाली होती. ड्रायव्हर त्याच्याकडे तिकीट मागत नसे. शेवटच्या थांब्यावर ते उतरे, गाव ओलांडून पोस्टात जाई आणि रांगेत उभं राही. एका गुरुवारी खिडकीपलीकडच्या बाईंनी वाकून विचारलं, काय हवंय? आणि तेव्हा त्या बदकाने असं काही केलं, की पोस्टातला एकही माणूस ते आयुष्यभर विसरणार नव्हता.

उतारा संपला होता. लाईबाईंनी पान उलटलं. मागे व्याकरणाचे प्रश्न होते.

"काय केलं?" त्यांनी विचारलं.

"तेच तर," थोंग यिंग म्हणाली.

पहिला उतारा दुसऱ्या जिल्ह्याच्या, खूप जुन्या सरावपुस्तकातला निघाला. म्हणजे काहीच फुटलं नव्हतं. पण परीक्षागृहात सामुदायिक हसणं हेही नियमात बसत नव्हतं, आणि मुलांनी पुष्कळ वाचलं होतं म्हणून त्यांना वाचता आलं, हे कारण लिहायला अहवालात रकाना नव्हता. तेव्हा लाईबाईंनी दोन्ही बाजूंना बरं पडेल असा शेरा लिहिला. तुकडी आठची वाचनाची परीक्षा झालीच नाही असं समजण्यात यावं. वर शिक्का मारला.

शिक्षकांच्या बैठकीत श्यांग सरांनी हा शेरा उभं राहून वाचला. पेईने थर्मास, उशी आणि टेबलावरची कुंडी आधीच पिशवीत भरून ठेवली होती. वेईताईंनी तिला पाणीघरासाठी एक हातपंखा आणला होता.

"नियम असा आहे," श्यांग सर म्हणाले, "की जी तुकडी शेवटची येईल तिच्या शिक्षकाने पाणीघरात जायचं. तुकडी आठची परीक्षाच झालेली नाही. जी झाली नाही तिच्यात शेवटचं येता येत नाही. पेईबाई, ती कुंडी परत जागेवर ठेवा."

पेईने पिशवी उघडली. कुंडी बाहेर काढताना थोडी माती वेईताईंच्या पंख्यावर सांडली.

"मग शेवटचं कोण?" कोणीतरी मागून विचारलं.

श्यांग सरांनी निकालाचा कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. शेवटच्या तुकडीची मुलं तंतोतंत कवनाप्रमाणे चालली होती. तालुक्याने या वर्षी चारही उत्तरं एकाच लांबीची छापली होती.

"तुकडी दोन," ते म्हणाले. "माझी."

वेईताईंनी पंख्यावरची माती झटकली. श्यांग सरांनी गळ्यातलं यंत्र काढून पेईपुढे ठेवलं, शेवंतीचा थर्मास उचलला आणि गेले. जाताना ते शीळ घालत होते हे या वेळी सगळ्यांनी ऐकलं.

जूनमध्ये पेईची नोकरी पक्की झाली. आईने पुन्हा शेवया घातल्या. या खेपेला कारण खरं असल्यामुळे रस्सा जास्त चांगला झाला होता, असं म्हणतात. भोंग्यावर कवन लागायचं बंद झालं. पाणीघरात आता बंबाच्या उबेला जुन्या पेपरांचे गठ्ठे रचलेले असतात, आणि पाणी भरायला येणाऱ्या प्रत्येकाला श्यांग सर थर्मास भरेपर्यंत एक उतारा वाचायला देतात. पाणी मुद्दामच बारीक सोडलेलं असतं. तुकडी आठ शाळा सोडायच्या आदल्या दिवशी तिथे शेवटची जमली आणि सगळ्यांनी मिळून एक अर्ज लिहिला. ओऊयांगने मसुदा केला, थोंग यिंगने तो वाचून दोन ठिकाणी पुरावा मागितला, पेईबाईंनी सही केली, आणि श्यांग सरांकडे उरलेला एकमेव शिक्का त्यावर मारण्यात आला. तो पाणीघराचा आहे.

प्रति,
परीक्षा कार्यालय, तालुका लिनशी

विषय: बदकाबाबत

मे महिन्याच्या सामाईक परीक्षेत, जी झाली परंतु आमच्यापुरती झाली नाही, शेवटच्या उताऱ्यातील बदक पोस्टात जाऊन रांगेत उभे राहते. खिडकीपाशी त्याचा क्रमांक आल्यावर त्याने नेमके काय केले, हे उताऱ्यात दिलेले नाही. सदर माहिती आपल्या कार्यालयाकडे असणारच, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

तरी उर्वरित मजकूर प्रमाणित उत्तरासह पाठवण्यात यावा, ही विनंती. मजकूर उपलब्ध नसल्यास संबंधित पोस्टाकडे चौकशी करून कळवावे. बदकाने काहीच केले नसल्यास तेही सहीशिक्क्यानिशी लेखी कळवावे. तोंडी उत्तर मान्य होणार नाही. आपल्या कार्यालयातील श्रीमती लाई यांनीही याच आशयाचा वेगळा अर्ज केल्याचे समजते, दोन्ही अर्ज एकत्र विचारात घेण्यास आमची हरकत नाही.

जूननंतर विद्यार्थी निरनिराळ्या शाळांत पांगणार असल्याने उत्तर पाणीघराच्या पत्त्यावर पाठवावे. तिथे कोणीतरी असतेच. उत्तर येईपर्यंत तुकडी आठची परीक्षा न झालेलीच समजण्यात यावी.